रेकॉर्ड माझ्याकडे, प्लेअर दादाकडे

आमच्या घरची वाटणी मामांनी केली आणि ती इतक्या न्यायानं केली, की दोघा भावांपैकी कुणालाच कशाचा उपयोग राहिला नाही. मिक्सर दादाला, त्याची भांडी मला. जेवणाचं टेबल दादाला, खुर्च्या मला. आईचं शिवणाचं मशीन थोरल्या सुनेला आणि ते ज्यावर बसतं तो लोखंडी सांगाडा धाकट्या सुनेला. मामा जन्मभर शाळेत गणित शिकवत होते. समोर आलेली वस्तू दोनानं भागल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सर्वांत शेवटी रेकॉर्ड प्लेअर निघाला. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, शेजारच्या रेकॉर्डींच्या खोक्याकडे पाहिलं, आणि उदाहरण सुटल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. प्लेअर थोरल्याला, रेकॉर्डी धाकट्याला.

तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. मला वाटलं, दादा म्हणेल, "अरे, प्लेअरही तूच ने." दादाला बहुधा वाटलं असावं, मी म्हणेन, "रेकॉर्डी राहू देत तुझ्याकडेच." मोठेपणा दाखवायची संधी दोघांनीही एकमेकांना दिली आणि दोघंही आपापल्या घरी गेलो. आमचं भांडण झालेलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. लग्नकार्यात भेटलो की मी विचारतो, "कसं काय?" तो म्हणतो, "चाललंय." मग आम्ही हवेबद्दल बोलतो. हवेबद्दल बोलण्यासारखं फार नसतं, म्हणून लवकर जेवायला बसतो.

त्या खोक्यात रेकॉर्डी पुष्कळ होत्या, पण आमच्या दृष्टीनं खरी एकच. आमच्या बँडची पहिली रेकॉर्ड. कव्हरवर एका ओसाड पेट्रोलपंपावर चार जण उभे, चौघांच्या डोक्यावर मिळून एका मोहल्ल्याला पुरतील एवढे केस. दादा कॉलेजात आणि मी शाळेत असताना आम्ही ती जुन्या बाजारातून उचलली होती. आधी ती कुणाची होती आणि त्यानं तिचे काय हाल केले होते, याची चौकशी आम्ही केली नाही. घरी आणून लावली, आणि ती पुढे इतकी वर्षं वाजत राहिली की शेजारच्या घरातला पोपट गिटारसारखा ओरडायला शिकला. पोपटाच्या मालकांनी आमच्या वडिलांकडे तक्रारही केली होती.

असा हा बँड आमच्या शहरात येणार असल्याची जाहिरात मी बसथांब्यावर वाचली. शेवटचा दौरा होता. पहिली रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, दोन्ही बाजू, त्याच क्रमानं वाजवणार होते. ऑफिसात पोचल्यावर मी टेबलाखाली फोन धरून दोन तिकिटं काढली. बायकोनं साहजिकच विचारलं, "दुसरं कुणाला?"

"बघू," मी म्हणालो.

"मला धरू नका. पंखा मोठा केला तरी माझं डोकं दुखतं."

दुसरं तिकीट दादासाठी होतं. तेवढ्यासाठीच तर दोन काढली होती. पण हे मी बायकोला सांगितलं असतं, तर तिनं ते त्याच संध्याकाळी वहिनींना सांगितलं असतं. या दोघी जावा रोज संध्याकाळी फोनवर बोलतात. त्यांची वाटणी मामांनी केलेली नसल्यामुळे त्यांचं छान चाललेलं आहे.

ऑफिसातल्या लोकांना माझा उत्साह समजला नाही. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "रेकॉर्ड घरात असताना तिकीट कशाला काढायचं? तीच गाणी ना?" आता यांना काय सांगणार. इतकी वर्षं ती माणसं आमच्या घरी येऊन वाजवून गेली. बोलावलं तेव्हा आली, आई ओरडल्यावर हळू आवाजात वाजवून गेली, परीक्षेच्या दिवसांत तर कपाटात गप्प बसून राहिली. एकदा आपणही त्यांच्याकडे जाऊन यायला नको का? हेडक्लार्क म्हणाले, "मग भेटवस्तू काय नेणार?" आणि फायलीत डोकं घातलं.

पण जाण्याआधी रेकॉर्ड एकदा ऐकायला हवी होती. वाटणी झाल्यापासून ती वाजलीच नव्हती. मी तिला अधूनमधून कव्हरमधून काढून पुसून ठेवायचो, एवढाच आमचा संबंध. बायको म्हणाली, "घ्या ती काखेत आणि जा दादांकडे. ऐका, चहा प्या, परत या. त्यात काय एवढं?"

बायकांना हे सोपं वाटतं. मी रेकॉर्ड घेऊन गेलो असतो तर प्लेअर मोठा ठरला असता. दादा प्लेअर घेऊन आला असता तर रेकॉर्ड मोठी ठरली असती. हा तत्त्वाचा प्रश्न होता, आणि तत्त्वाचा प्रश्न आला की मी पैशाकडे पाहत नाही. मी जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो आणि एक प्लेअर घेतला.

"साहेब, हा मी विकणारच नव्हतो," दुकानदार म्हणाला. आत शिरल्यापासून तो एका आरशाबद्दल, एका टाइपरायटरबद्दल आणि कान तुटलेल्या चिनीमातीच्या सशाबद्दल हेच म्हणाला होता.

"चालतो का?" मी विचारलं.

"चालतो म्हणजे? थांबवता येत नाही."

ही अतिशयोक्ती असावी असं मला वाटलं. घरी आल्यावर कळलं की तो सचोटीचा माणूस होता. बटण बंद केलं तरी तबकडी फिरतच राहायची, आणि शेवटी भिंतीतून प्लग उपटावा लागायचा. शिवाय सुई ठेवली की ती आतल्या बाजूला सरकून थेट शेवटच्या गाण्यावर जायची. मी ती उचलून परत ठेवत होतो, ती परत सरकत होती, आणि हे चाललेलं असताना वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर दारात येऊन उभे राहिले. कुणाच्याही घरात काही बिघडलं की यांना वास येतो. आयुष्य पूल बांधण्यात गेलेलं. हातात पातळी तपासायची पाणसळ होती.

त्यांनी पाणसळ प्लेअरवर ठेवली, वाकून काचेतला बुडबुडा पाहिला, मग ती कपाटावर ठेवली, मग फरशीवर ठेवली आणि गंभीर झाले.

"तुमचा प्लेअर चांगला आहे," ते म्हणाले. "कपाटही चांगलं आहे. फरशी कललेली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे इमारतच म्हणायची."

हे वाक्य त्यांनी दार उघडं असताना उच्चारलं. समोरच्या काकू तेव्हा आपल्या दारात भाजी निवडत होत्या. काकूंना अर्धवट बातमी ठेवून घेण्याची सवय नाही. अंधार पडायच्या आत आमच्या इमारतीतले सगळे लोक खाली रस्त्यावर उभे राहून इमारतीकडे मान तिरपी करून बघत होते. तिरप्या मानेनं पाहिल्यावर कुठलीही इमारत कललेलीच दिसते. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर कागदपत्रांची पेटी आणि सासूबाई दोन्ही बाहेर आणून बसवल्या होत्या. त्यांची समजूत घालायला इंजिनिअरना बरंच बोलावं लागलं, आणि त्यात त्यांनी पुलांची उदाहरणं दिल्यामुळे लोक जास्तच घाबरले.

उपाय इंजिनिअरनीच काढला. प्लेअर भिंतीवर फळी ठोकून तिच्यावर ठेवायचा. फरशी कशीही असो, फळी आपण सरळ मारू. मी म्हणालो, भिंतीत पाण्याचा पाइप असला तर?

"मी नदीच्या तळाशी खांब उभे केलेत," ते म्हणाले, आणि त्यांनी ड्रिल चालवलं.

पाइप होता. पाणी फार जोरात आलं असं नाही, पण ते थेट इंजिनिअरच्या चष्म्यावर आलं. बंद करायला इमारतीचा कॉक शोधला, तर तो गंजून इतका घट्ट बसलेला की रंगाऱ्यांनी त्याच्यासकट भिंत रंगवली होती. इंजिनिअरनी भोकात लाकडी खुंटी ठोकली. धार थांबली आणि थेंब सुरू झाले. खाली बादली ठेवून आम्ही जरा टेकतो तोच खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी वर आले. ते घरातल्या घरात छत्री घेऊन आले होते. वर येईपर्यंत मिटायची राहिली होती, की आम्हाला दाखवण्यासाठी उघडी ठेवली होती, हे मी विचारलं नाही.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले.

"रेकॉर्ड ऐकायची आहे," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं, पण ते खोटं वाटलं.

पाइप बदलायचा तर रस्त्यावरची झडप बंद करायला हवी, आणि ती पाणीपुरवठा खात्याच्या माणसानंच बंद करायची असते. मी स्वतः पाणीपुरवठा खात्यात, तक्रार विभागात आहे. लोकांच्या नळाला पाणी येत नाही किंवा येऊ नये तिथून येतं, हे ऐकून घेणं माझं काम. त्यामुळे मी सेक्रेटरींना म्हणालो, "काळजी करू नका, घरचंच काम आहे." हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी माझा अर्ज लिहिला आणि माझ्याच टेबलावर ठेवून त्यावर शेरा मारणार, एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी चष्म्यातून पाहिलं. या मॅडम स्वभावानं प्रेमळ आहेत, पण नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावाला ओळखणार नाहीत.

"स्वतःच्या तक्रारीवर स्वतः शेरा मारता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही मारा."

"माझ्याकडे खिडकीवरून आलेले अर्ज येतात. तुम्ही खिडकीवर द्या."

"पण खिडकीवर मीच बसतो."

"तो तुमच्या विभागाचा प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या आणि टपालाला दोरा बांधू लागल्या.

म्हणून मी बाहेर जाऊन रांगेत उभा राहिलो. खिडकीपलीकडे माझी खुर्ची, माझा चष्म्याचा डबा आणि माझा पंखा दिसत होता. रांग हलत नव्हती. हलणार कशी, आत बसायचा माणूस रांगेत होता. माझ्यामागचे गृहस्थ म्हणाले, "इथला माणूस कुठे उलथलाय कोण जाणे. नेहमीचंच आहे यांचं." रांगेतल्या सगळ्यांनी होकार दिला. वेगळा पडू नये म्हणून मीही दिला. पुढे त्या माणसाबद्दल जे जे बोललं गेलं ते सगळं मी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी हेडक्लार्क स्वतः खिडकीवर येऊन बसले, त्यांनी माझा अर्ज घेतला, मला ओळख न दाखवता वाचला आणि म्हणाले, "बघतो." हा शब्द मी त्या खिडकीतून हजारो वेळा उच्चारला असेल. बाहेरून तो कसा ऐकू येतो ते मला त्या दिवशी कळलं.

इकडे सेक्रेटरींनी फळ्यावर नोटीस लावली होती. रहिवाशांनी परवानगीशिवाय भिंतीस भोके पाडू नयेत आणि कर्कश वाद्ये वाजवू नयेत. मी जाऊन सांगितलं की अजून काहीच वाजलेलं नाही, तर कर्कश कसं ठरलं? यावर कमिटीची बैठक झाली. बऱ्याच चर्चेअंती असं ठरलं की कमिटीनं माझ्या घरी येऊन ती रेकॉर्ड ऐकावी आणि मग निर्णय घ्यावा.

त्याप्रमाणे रविवारी कमिटी आली. वाटणीतल्या खुर्च्यांचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला. सेक्रेटरी, समोरच्या काकू, इंजिनिअर आणि तळमजल्यावरचे गृहस्थ ओळीनं बसले, मध्ये टेबल नसल्यामुळे चहाचे कप मांडीवर धरून. इंजिनिअरनी प्लेअर जमिनीवर ठेवून त्याच्या पायांखाली जुन्या लग्नपत्रिका घडी करून सरकवल्या होत्या आणि बुडबुडा मधोमध आणला होता. बादलीत थेंब पडत होता. मी सुई ठेवली.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला खोलीतलं कुणी दिसेनासं झालं. तोच आवाज होता. सुरुवातीची ती बारीक खरखर, मग ढोल, मग गिटार. इतक्या वर्षांनी ऐकत होतो, तरी पुढचं प्रत्येक वळण मला एक पाऊल आधी येत होतं. मला फार आनंद झाला. काकू म्हणाल्या, "आवाज बरा आहे हो. मला वाटलं होतं मारामारी असेल."

दुसऱ्या बाजूवर एक संथ गाणं आहे. गाणारा दुसरं कडवं म्हणतो, सगळी वाद्यं थांबतात, तो श्वास घेतो, एक 'टक्' असा आवाज होतो आणि लगेच शेवटची ओळ येते. त्या 'टक्'ला दादा आणि मी मान झटकत असू, दोघं एकदम. त्याही दिवशी माझी मान आपोआप झटकली गेली. शेजारी दुसरी मान नव्हती. तिथं सेक्रेटरी होते.

"सुई उडाली," इंजिनिअर म्हणाले.

"नाही, ते तसंच आहे."

"अहो, मधला तुकडा गेला. ओरखडा असणार."

"मधे तुकडा नाहीच," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला असावा. "तीच तर त्यांची खुबी आहे. दुसरा कुणी असता तर मधे काहीतरी वाजवत बसला असता."

"थांबा, मी फोनवर लावून दाखवतो."

"मी फोनवर गाणी ऐकत नाही," मी म्हणालो, आणि हे खरं होतं. पाहुण्यांना दाराच्या फटीतून भेटण्यातला तो प्रकार आहे. इंजिनिअर तयार होईनात. शेवटी सेक्रेटरींनी मध्यस्थी केली. ते म्हणाले, कलावंत माणसं असतात, त्यांना उरकतं घ्यावंसं वाटलं असेल. मत घेण्यात आलं, आणि एका मताविरुद्ध तीन मतांनी कमिटीनं असं ठरवलं की सुई उडालेली नाही. रेकॉर्ड वाजवायला परवानगी मिळाली. माझ्या बाजूनं एखादा ठराव मंजूर होण्याची ती पहिलीच वेळ होती.

कमिटी गेल्यावर मी खुर्च्या भिंतीला लावल्या आणि बायकोला सहज सुचल्यासारखं म्हणालो, "एक तिकीट जास्तीचं आहे. वहिनींशी बोलताना विषय निघाला तर दादाच्या कानावर घाल. विषय निघाला तरच."

बायकोनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्हीच करा की फोन," ती म्हणाली.

"मी कशाला? तेवढं काही महत्त्वाचं नाही."

संध्याकाळी विषय निघाला. मी आतल्या खोलीत बादली ओतायच्या निमित्तानं उभा राहून ऐकत होतो. पलीकडून काय बोललं जातंय ते कळत नव्हतं, आणि बायको नुसती "हो का" म्हणत होती. मग तिनं फोन ठेवला आणि आत येऊन म्हणाली, "दादांना त्या दिवशी काम आहे म्हणे."

"कसलं काम?"

"ते जाऊबाईंनाही सांगितलं नाही. नुसतं काम आहे म्हणाले."

मला फार लागलं. मी तसं दाखवलं नाही. बादली रिकामी होती तरी नेऊन ओतली. दादाला सगळं आठवत असेल, त्याला बँड येतोय हे ठाऊक असेल, जायचं तर तो माझ्याबरोबरच जाईल, असं मी मनाशी धरून चाललो होतो. सगळा खटाटोप, भिंत फोडण्यापर्यंतचा, त्याच्याशेजारी बसण्यासाठी होता. आता तो येणारच नव्हता तर जायचं कशाला, हेही मनात आलं. पण तिकीट फुकट जातंय हे काकूंकडून इंजिनिअरना कळलं होतं, आणि ते खाली येऊन म्हणाले, "एवढ्या मोठ्या सभागृहाचं छत खांबांशिवाय कसं उभं केलंय ते मला बघायचंच आहे." आता त्यांना कसं नाही म्हणणार.

सभागृहाच्या दारात रखवालदारानं इंजिनिअरना अडवलं. त्यांच्या खिशात कापूस, गोळ्या आणि पाणसळ निघाली. कापूस आणि गोळ्या चालतात, म्हणाला, ही वस्तू काय आहे?

"पाणसळ आहे. लेव्हल बघायची."

"कशाची?"

"सगळ्याची," इंजिनिअर म्हणाले. रखवालदारानं वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठ म्हणाले, नेता येणार नाही अशा वस्तूंमध्ये पाणसळ नाही, पण नेता येईल अशा वस्तूंमध्येही नाही. शेवटी ती तिथंच ठेवून घेतली गेली. इंजिनिअर मान तिरपी करून चालत होते. पाणसळीशिवाय त्यांना जग जरा तिरपं वाटत असावं.

आमच्या जागा पार मागे, एका कडेला होत्या. पडदा उघडला आणि ते चौघं आले. कव्हरवरच्या केसांपैकी ढोलवाल्याकडे थोडे शिल्लक होते, बाकी संपले होते. गाणारा जिना चढून आल्यासारखा जरा थांबला, मग त्यानं तोंड उघडलं आणि पहिलं गाणं सुरू झालं. खरखर नव्हती. सुरुवातीला तिच्यावाचून मला चुकल्यासारखं झालं, आणि मग ढोल थेट बरगड्यांत वाजायला लागल्यावर मी तिला विसरलो. रेकॉर्डवर ते कधी चुकत नाहीत. इथं गिटारवाला एका जागी चुकला, हसला, आणि त्यानं ती जागा पुन्हा घेतली. इतक्या वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. पहिली बाजू संपली तेव्हा मी रेकॉर्ड उलटायला अर्धा उठलोसुद्धा. इंजिनिअर कानात कापूस घालून छताकडे बघत होते आणि आम्ही दोघंही आपापल्या जागी सुखी होतो. फक्त दर गाण्यानंतर मी डावीकडे बघत होतो, आणि तिथं इंजिनिअरच असत.

मग ते संथ गाणं आलं. दिवे मंद झाले. गाणाऱ्यानं दुसरं कडवं म्हटलं, वाद्यं थांबली, हजारो माणसं गप्प झाली. त्यानं श्वास घेतला. मी डोळे मिटले होते. माझी मान झटकली गेली, आणि मी पोट भरून, सर्व ताकदीनिशी, शेवटची ओळ म्हटली.

एकट्यानं. त्या शांततेत. मंचावर कुणीही काहीही वाजवत नव्हतं.

एकट्यानं, असं मला वाटलं. पण सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, पुढच्या बाजूनं, तीच ओळ त्याच क्षणाला, तितक्याच बेसूर आवाजात आली होती. आमच्या दोघांचे आवाज वर छताखाली कुठंतरी भेटले आणि विरले. लोक हसले. गाणारा डोळ्यांवर हात धरून आधी त्या कोपऱ्याकडे आणि मग आमच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाला, "तुम्हा दोघांना घरी जायची घाई दिसते." मग गिटारवाल्यानं सुरुवात केली.

म्हणजे मधे तुकडा होता. चांगला लांबलचक होता. जगातल्या त्या रेकॉर्डीच्या सगळ्या प्रतींवर तो असणार, फक्त आमच्या घरी तो कधी वाजला नाही. आणि शेवटची ओळ तिथं म्हणणारा माणूस या पृथ्वीतलावर माझ्याखेरीज एकच असू शकत होता.

मी इंजिनिअरच्या गुडघ्यांवरून, मग अनोळखी लोकांच्या पायांवरून, माफी मागत बाहेर पडलो. गिटार वाजत होती. आमच्या बँडनं वाजवलेलं आणि मी न ऐकलेलं असं काही जगात होतं, ते आता वाजत होतं, आणि मी ते न ऐकता रांगांमधून माणसं शोधत चाललो होतो. मधल्या वाटेवर एका स्वयंसेवकानं तिकीट मागितलं. "तुमची जागा इकडे नाही," तो म्हणाला. "माझा भाऊ इकडे आहे," मी म्हणालो. त्यानं मला सोडलं. नियमाच्या मॅडम तिथं असत्या तर सोडलं नसतं.

दादा पुढून तिसऱ्या रांगेत कडेला बसला होता. त्याचं टक्कल मला लांबूनच ओळखू आलं, आमच्या वडिलांचं तसंच होतं. तो खुर्चीवर पुरता वळून मागे बघत होता. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि त्यावर त्यानं आपला कोट घडी करून ठेवला होता, जागा धरून ठेवल्यासारखा.

मी समोर जाऊन उभा राहिलो. काय बोलावं ते कळेना, म्हणून म्हणालो, "तुला काम होतं ना?"

"हेच काम होतं," दादा म्हणाला. "दोन तिकिटं काढली होती. वाटलं तू फोन करशील, मग सांगू."

"निरोप पाठवला होता मी."

"निरोप आला. तुझ्या बायकोकडून माझ्या बायकोला." त्यानं कोट उचलला. "भावाला निरोप कसले पाठवतोस? म्हणून म्हटलं, राहू दे. पण खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी, असं काही वाटलं नाही."

मी बसलो. त्यानं कोट आपल्या मांडीवर घेतला. त्याचा हात माझ्या हातावर आला की माझा त्याच्या, ते मला आठवत नाही. मला रडू आलं होतं आणि त्यालाही आलं होतं, हे मात्र खरं आहे, आणि गिटारचा आवाज इतका मोठा होता की कुणालाच काही कळलं नाही.

गिटार हळूहळू खाली आली आणि थांबली. गाणाऱ्यानं दोन्ही हात वर करून सगळ्यांना खूण केली. शेवटची ओळ आली आणि सगळं सभागृह एका आवाजात गाऊ लागलं. आम्ही दोघं तेवढे गप्प बसलो होतो. आमची म्हणून झाली होती.